खटका राहिला

हसू नका बायांनो, पण माझी सवत कोलंबोला होती. आमच्या ह्यांच्याकडे, मास्तरांकडे, बिनतारी यंत्र होतं, अख्ख्या भोरात एकच. रोज संध्याकाळी त्याचा खटका तारेच्या लिपीत टकटकवून ते कोलंबोच्या कुणा मित्राला विचारायचे, "तब्येत कशी आहे? जेवलास का?"

लढाई सुरू झाली, नियम बदलले, परवाना रद्द. फौजदार यंत्र न्यायला आले.

"दहा वॅटचं आहे, पाचावर आणतो," हे म्हणाले. "बरं, दोनावर?"

"मास्तर, नवा नियम शून्याचा हाय. आमी तरी काय करणार?"

यंत्र गेलं. खटका कशाचा ते फौजदारांना कळलं नाही, म्हणून तो राहिला. मग हे रोज ठरल्या वेळी टेबलावर नुसता खटकाच वाजवत बसायचे, "कोणी आहे का?"

मला बघवेना. यांनी भिंतीवर लावलेल्या त्या लिपीच्या तक्त्यावरून ती टकटक मी केव्हाच शिकले होते. एका संध्याकाळी चुलीपाशी बसून उलथन्याने तव्यावर वाजवलं, "आहे."

खटका थांबला. मग हळूच वाजला, "तब्येत कशी आहे?"

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. हे त्यांनी मला पहिल्यांदाच विचारलं.