एक पान, एक ढकल

आधी कमळअक्काचं नाव घेतो, माझं मागून. मी बी.एस्सी. झालो, हायस्कूलला सायन्स शिकवून लातूरला रिटायर झालो, त्यात माझं काय हाय, सगळं अक्काचं हाय. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण, आता भोकरला लेकाकडं असती. आमचे बाबा मुदखेडला रेल्वेत गँगमन, आई लोकांच्या रानात रोजानं, म्हणून अक्काची शाळा चौथीतच सुटली आणि मी तिच्या कडेवर आलो. बाबाची भाकरी घेऊन ती रुळाच्या कडंकडंनं जायची, मालगाडी निघून गेली की मी रडून भोंगा पसरायचो, का, तर गाडी थांबली न्हाई म्हणून. मग तिनं मला ज्वारीच्या चिपाडाची गाडी करून दिली, चाकं चिपाडाच्या आतल्या भेंडाची, दोरीनं वढायची. ही माझी पहिली आगगाडी बघा.

मी दुसरीत असताना तिनं कापूस वेचणीच्या पैशातून जत्रेत पत्र्याचं इंजिन घेतलं, चावीचं. पण चावी तिच्या गळ्यातल्या दोऱ्यात. धडा वाचून दाखव, मग चावी मिळंल. वर्षाच्या आत स्प्रिंग तुटली, मला वाटलं सुटलो आता. कशाचं काय. अक्का म्हणली, स्प्रिंग तुटली, तुझे डोळे फुटले काय रे, वाच. आणि मग एक पान वाचलं की ती बोटानं इंजिनाला एक ढकल द्यायची. मी थांबलो की गाडी थांबली. उंबऱ्यापासून चुलीपर्यंत गाडी जायची म्हणजे अख्खा धडा व्हायचा. तिला स्वतःला जोडाक्षर वाचायला जड जायचं, पण मी पान गाळलं की बरोबर वळखायची, गाडी मागं न्यायची. आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट असा चुलीपर्यंत ढकलत नेलेला हाय, काय सांगू तुम्हाला.

तर तो नाद सुटला न्हाई. कॉलेजला नांदेडला असताना बॅटरीवर गोल गोल फिरणारी प्लास्टिकची गाडी आली, नोकरी लागल्यावर हैदराबादहून विजेवर चालणारं इंजिन आणलं, त्याला एक काळा डबा, डब्याला गोल बटण, फिरवलं की गाडी निघाली, सोडलं की थांबली. एवढंच. बाकी सगळं हातानं करायचं. गाडीच्या डब्यांच्या खिडक्यांना एक्सरेची फिल्म, सिग्नलच्या दांड्याला सायकलचा आरा, खडी म्हणजे चाळलेली वाळू. शाळेतले मास्तर हसायचे, म्हणायचे, सर, पेन्शनला आले तरी खेळून राहिले. हाव, म्हणायचो, खेळून राहिलो.

रिटायर झाल्यावर जुन्या दाराच्या फळीवर मी आमचं मुदखेड बसवलं. छोटी लाईन, मीटर गेज, होती तेव्हाचं. स्टेशन, कडुनिंब, गँगची खोली, आणि रुळाच्या कडंला भेंडाची एवढीशी पोरगी, डोक्यावर भाकरीचं टोपलं, कडेवर लेकरू. ते अक्कानं बघावं एवढीच इच्छा. पण तिच्या डोळ्यात मोतीबिंदू, चार वर्षं ऑपरेशनला भेत राहिली.

आणि आताचा हा छंद, सांगतो, डोकं उठतंय. मी एका मोबाईलच्या ग्रुपात हाय, सगळे खेळण्यातल्या आगगाडीवालेच. सकाळी फुलाचा फोटो, दुपारी नव्या इंजिनाच्या खोक्याचा फोटो. मी विचारलं, चालवून दाखवा की. तर म्हणतात, सर, सील फोडलं की किंमत जाती. आवो, मग आगगाडी कशाला घेतली, गुळाची ढेप घ्यायची होती. माझ्या मुदखेडचा फोटो टाकला तर एकानं लिहिलं, माप चुकलंय, झाड स्टेशनपेक्षा उंच हाय. झाड उंचच होतं बाबा. आम्ही त्याच्याखाली बसलेलो हाव.

यंदा अक्काचं ऑपरेशन झालं. भीमजयंतीला येते म्हणली, एका दिवसासाठी. माझा लेक प्रशांत पुण्याला कंपनीत हाय, पोरगं गुणाचं, पण त्याला वाटलं पप्पाला काहीतरी नवं करून द्यावं. महिनाभर आधी येऊन त्यानं काळा डबा काढला आणि इंजिनात काय ती चकती बसवली, आता सगळं मोबाईलवरून. पप्पा, शिट्टीपण वाजती. वाजली, खरंच वाजली. तो पुण्याला गेला.

जयंतीचा दिवस. अक्का पांढरं लुगडं नेसून फळीपुढं खुर्चीवर बसली. तिनं ती पोरगी बघितली, लेकरू बघितलं. मग म्हणली, चालव. मी मोबाईल काढला. त्यानं पासवर्ड मागितला. दिला. तर आधी अपडेट करा म्हणतंय. बाहेर मिरवणूक, अख्खं लातूर लाईव्ह करून राहिलं, नेटवर्क कुठून येणार. गोल फिरतंय, फिरतंय, गाडी सोडून ते गोलच फिरतंय. प्रशांतला फोन लागंना. ग्रुपातले एक साहेब मुद्दाम बघायला आलेले, ते म्हणाले, थांबा सर, होईल. अर्धा तास झाला. अक्का म्हणली, अरे ढकल की, आणि बोट पुढं केलं. साहेब ओरडले, आजी, हात लावू नका, गियर जातील. तिनं बोट पदरात घेतलं. न्हाई लावत बाबा, म्हणली. मी मोबाईल धरून उभाच. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीला ती गेली.

त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचलं न्हाई. फोनवर तिला ऐकू येत न्हाई, म्हणून कागदावर लिहिलं, मोठ्या अक्षरात. काय लिहिलं, तेही घ्या:

कमळअक्का, जयभीम.

प्रशांतची चकती काढली. त्याला राग आला न्हाई, आत्याला सॉरी सांगा म्हणला. मग मी काळा डबा परत जोडायला बसलो आणि जोडलाच न्हाई. इंजिनाचं पोट उघडून मोटर काढली, गियरपण काढले. ग्रुपवर सांगितलं तर म्हणले, सर, वाटोळं केलं इंजिनाचं. मी ग्रुप सोडला.

आता ती गाडी विजेवर चालत न्हाई, मोबाईलवर चालत न्हाई. बोट लावलं की जाती, बोट काढलं की थांबती. मी अजून लावलेलं न्हाई. स्टेशनात उभी हाय.

पंचमीला ये. मी पुस्तक काढून ठेवलंय. पान गाळणार न्हाई.

तुझा धाकटा.