सोळा ऑक्टोबर आणि बाबांची दाढ

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी गाल धरून बसलेले एक बाबा आणि त्यांची लेक. बाबांच्या हातात पेपरातला दिनविशेष.

“तारीखच वाईट गं आजची. सोळा ऑक्टोबर. याच तारखेला फ्रान्सच्या राणीचं डोकं उडवलं.”

“तुमची फक्त दाढ काढायचीय, बाबा.”

“इंग्लंडची संसदही याच तारखेला जळाली. शिवाय आज जागतिक अन्न दिन. अन्न दिनाला कुणी दाढ काढतं का?”

“खालचं वाचा की. इथरची भूल देऊन लोकांसमोर पहिली शस्त्रक्रिया झाली तीही आजच्याच तारखेला. भूल देणारा दातांचाच डॉक्टर होता.”

“ते बारीक अक्षरात आहे. मला दिसलं नाही.”

“आणि माझा वाढदिवस? तो कुठे छापलाय?”

“अगं हो की! मग तर चल घरी. काय हवं तुला? माग, देतो.”

“नक्की?”

“बापाचा शब्द आहे.”

“मग ती दाढ द्या. महिनाभर रात्री कण्हताय, घरात कुणाच्या डोळ्याला डोळा लागत नाही.”

“शब्दात पकडलंस की गं मला.”

“आपला नंबर आला. उठा.”

“उठतो. आधी पेन काढ. या दिनविशेषाच्या खाली लिही, आजच्या दिवशी एका शूर बापाने लेकीला दाढ दिली.”

“लिहिलं. चला आता.”

“‘शूर’ लिहिलंस ना?”