पाठीनं पाहिलेली मैदानं

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर एक नवराबायको बसले होते.

“ऑपरेशन झालं की आधी ते लाकडी बाकांचं जुनं फुटबॉलचं मैदान बघायचं.”

“अहो, दोनदा जाऊन आलोय.”

“गेलो, पण बघितलं कुठे? पेनल्टी आली की मी पाठ फिरवतो. मी बघितलं की आपला संघ हरतो.”

“म्हणजे इतकी मैदानं पालथी घातली, ती पाठीनंच.”

“आता वळून बघणार.”

“आणि हरले तर?”

“हरू देत. पण डोळाच सुधारला नाही तर गं?”

“तरी जाऊ. आजवर गोल झाला की नाही, ते तुम्हाला कोण सांगत आलंय?”

“तूच. पण आधी तोंडातले शेंगदाणे संपवतेस, तोवर माझा जीव जातो.”