दोन बोटं आखूड

भागिरथा : एवढंच म्हण दादा, चित्रातली पोरगी मनानं काढली. आपली बेबी नोय ते.

इंद्रभान : तीळसुद्धा तिचाच आहे, भागी. सहा दिवस विहिरीजवळ उभी केली होती तिला.

भागिरथा : तवा नऊ वर्साची होती. आता तिचं लगन जुळून राह्यलं. पोरगा शेलूबाजारले मास्तर, अन् तुह्यं पुस्तक त्याच्याच शाळेत गेलं.

इंद्रभान : दहा वर्षं छापायला लागली त्याला.

भागिरथा : छाप ना. पन पाय आखूड काहून काढला? मी जन्म देला, मले नोता दिसला.

इंद्रभान : दोऱ्यानं मोजला. दोन बोटं कमी भरला. जे आहे तेच काढतो मी.

भागिरथा : अकोल्याहून चित्रं शिकून आला तवापासून घरातही पुस्तकासारखा बोलतं. चपलीत चिंधी कोंबून चालते ते. आपल्या मेडशीत कोणाले मालूम नाही. तू फक्त मनानं म्हण.

इंद्रभान : म्हणतो.

(नवरदेवाचे वडील दौलतराव येतात. बसलेल्या बेबीला पाहून होतं, ती उठून चालण्याआधीच भागिरथा त्यांना ओसरीवर चहाला नेते.)

दौलतराव : पोरगी पसंत हाय, बाई. चालून दाखव म्हणत नाही आमी. बैलाचा बजार थोडीच हाय.

भागिरथा : तुमी समजदार हा, भाऊ.

दौलतराव : गुरुजी, पुस्तकातली हे बेबीच काय?

इंद्रभान : नाही. मनानं काढली.

दौलतराव : तेच म्हटलं मी पोराले. जित्तं मानूस असं उभं राह्यते काय? तिच्या बाजूचा बगळा झ्याक जमला तुमाले. मानसाचं अंग नाही जमत.

भागिरथा : नाही जमत त्याले. चहा घ्या.

इंद्रभान : जमत नाही म्हणजे?

दौलतराव : राग नका मानू. शाळेतले पोट्टे हासतात त्या पायाले. तिसरीतला याहून बराबर काढते.

भागिरथा : लहानपनापासून तसाच हाय तो.

इंद्रभान : पाय आखूड असला की कंबर तशीच झुकते. मापाची वही आहे माझ्याकडे, तारखेसकट.

दौलतराव : कोणाचं माप?

भागिरथा : दादा, बेबी ऐकून राह्यली.

इंद्रभान : बेबीचंच. एक रेघ चुकलेली नाही.

दौलतराव : मंग माह्यंच चुकलं. चित्र बराबर हाय. बाई, शेलूबाजारकडची गाडी कितीले हाय?

भागिरथा : पाचले.

इंद्रभान : थांबा ना. वही तर पाहून जा.