दोन किलो कडता

हॅलो?… हां, कोकिलाबेन, निकुंज बोलतोय, शाळेतून… नाही, जेवत नव्हतो. म्हणजे सकाळपासून जेवतोच आहोत, ते काय थांबणार नाही. तुम्ही बोला…

हो, अठ्ठावन्न. मीच पाठवलाय तो तक्ता… एकशे बारापैकी अठ्ठावन्न मुलं कमी वजनाची, बरोबर… मागच्या वर्षी चार होती, आठवतंय मला… नाही हो, गावात साथ कसली, बटाट्याची काढणी चालू आहे, सगळे खाऊनपिऊन… बेन, ऐका तर…

उद्या?… डॉक्टरांची गाडी. दहा वाजता… आणि जिल्ह्याचे साहेबसुद्धा… अच्छा… नाही, घाबरलो नाही. खाली बसलो फक्त.

कारण कळलंय, बेन. आज सकाळीच कळलं. सांगतो, पण हसायचं नाही, तिथे आरोग्य केंद्रात पेशंट बसले असतील… बरं.

शाळेचा वजनकाटा बिघडला. आपला आरोग्य पंधरवडा तर चालू, वजन-उंची घ्यायचीच होती. म्हणून मी मार्केट यार्डातून काटा मागवला. त्याच्याबरोबर हमीरकाका आले… तोलाट. चाळीस वर्षं यार्डात बटाटा तोलतात. म्हटलं बरंच झालं, काका वजन पुकारतील, मी लिहीन, आणि तेवढ्यात दुसऱ्या रांगेला हात धुवायचे कसे तेही शिकवून होईल…

तर काकांनी कडता कापला… कडता. तुमच्या नवसारीकडे नसेल. पोतं काट्यावर चढलं, की पोत्याचं वजन आणि आतली माती वजा करायची, आणि उरेल ते पुकारायचं… बटाट्याचा नाही, बेन. मुलांचा. दर नगाला दोन किलो… गणवेश म्हणजे पोतं. आणि माती काय, दिसतच होती…

मला कसं कळणार? मी बटाट्यावरच वाढलोय. वजन म्हटलं की कडता कापतातच. मुख्याध्यापक शेजारी उभे होते, त्यांनाही काही खटकलं नाही. आता आठवतं तर सगळंच दिसतं. काकांनी मुलांच्या पाठीवर खडूने आकडे टाकले होते. रांगाही त्यांनीच लावल्या, मोठा माल, मध्यम आणि गोल्टी. पहिलीतली दोन पोरं नळावर भिजून आली, तर ओला माल म्हणून त्यांना तासभर उन्हात बसवलं… हसताय तुम्ही.

नाही, गावाला नुसतं तुमच्या यादीचं कळलंय, कडत्याचं नाही. गाव पेटलंय. नाथीबा सकाळी येऊन बसल्यात. नातू घरी बावीस भरत होता, शाळेत आला आणि वीस झाला, तर मधले दोन किलो शाळेने कुठे घालवले, असं विचारतायत… काय सांगणार? हात धुवायला लावले म्हणून सांगितलं. पटलं त्यांना. आता नातवाला हात धुऊ देत नाहीत.

आणि तिथिभोजन. एरवी वाढदिवसाला नाहीतर कुणाच्या वर्षश्राद्धाला एखादं घर जेवण घालतं ना शाळेला, आज तीन घरांनी एकदम घातलंय. आधी गूळ-तुपाची सुखडी, मग पुरी-शाक, आता कढी-खिचडी. श्राद्ध कुणाचं विचारलं, तर म्हणाले, पुढे होईलच कुणाचं तरी… चौथीचा वर्ग झोपलाय. तिसरीही त्याच वाटेवर आहे.

हो… बरोबर आहे तुमचं. प्रत्येकाला दोन किलो मिळवले की झालं. सकाळी तेच करत बसलो होतो. थांबा, कागद समोरच आहे… अठ्ठावन्नची तीन होतात. गाडी मग कशाला यायची? चूक झाली म्हणून मी लेखी देतो, तुम्ही वर कळवा…

रिंकल? दुसरीतली, लगधीरभाईंची… हो, मागच्या वर्षीच्या चारांत होती. नाही ना दाखवली डॉक्टरांना. एकदा तुम्ही जाऊन आलात, एकदा मी गेलो. मला चहा पाजला, पाच किलो बटाटे दिले, आणि मुलगी दिली नाही. आमचं घराणंच सडपातळ, म्हणाले. त्यांना तुम्ही पाहिलंय ना, दारातून तिरके आत येतात.

पण ऐका, चांगली बातमी आहे. ती यादीतून सुटते. मागच्या वर्षी पंधरा होती. आता पंधरा लिहिलीय, त्यात दोन मिळवले की सतरा. वर्षात दोन किलो वाढली… मलाही बरं वाटलं. तिचीच एक काळजी होती. मग मी खोडून सतरा करतो, आणि…

एक मिनिट, बेन. इथे हमीरकाकाच बसलेत, खुलासा द्यायला बोलावलंय, सुखडी खातायत… काय काका?… फोनवर बेन आहेत… काय म्हणालात?

…

हां. ऐका, बेन. 

काका म्हणतायत, तिचा आकडा खोडू नका… सांगतो. ते म्हणाले, “त्या पोरीचा कडता मी कापलाच नाही, साहेब. तिच्यात कापायला होतं काय?”

…हो. म्हणजे पंधराच. वर्षभरात काहीच नाही.

मी पेन उचललं होतं, बेन.

नाही, आता बाकी सगळं राहू द्या. ती उद्या डॉक्टरांसमोर आली पाहिजे… तोच तर प्रश्न आहे, लगधीरभाई. अठ्ठावन्नांत एक होती तोवर त्यांचं काही म्हणणं नव्हतं, सगळ्यांची पोरं डॉक्टरांकडे गेली तर आपलीही जाईल, म्हणत होते. चौघांत एक म्हटलं, की पुन्हा घराणं काढतील… हो, इथेच आहेत. खिचडी त्यांच्याच घरची. ओसरीवर वाढतायत. तुम्ही बोलता का त्यांच्याशी? देऊ फोन?…

थांबा. काका उठले. हात पुसतायत… बाहेर निघाले. काका, सांभाळून बोला हं, माणूस तापट आहे… ऐकत नाहीत.

मी खिडकीतून बघतोय. गेले त्यांच्यापाशी… बाजूला घेतलं. काका काहीतरी सांगतायत, हळू. त्या दिवशी मुलांची वजनं कशी पुकारत होते, पलीकडच्या गल्लीत ऐकू जात होती, आणि आता एक शब्द ऐकू येत नाही… लगधीरभाईंच्या हातात डाव आहे, खिचडीचा. पुढच्या पोराचं ताट तसंच धरलेलं… मान हलवतायत. नाही म्हणतायत वाटतं.

थांबा, बोलले. ऐकू आलं. “काटा बरोबर होता?” विचारतायत.

काका म्हणाले, “मीच तोललंय.”

 उभे आहेत. बेन, हा माणूस तुमचं ऐकत नाही, माझं ऐकत नाही, सख्ख्या भावाशी बांधावरून बोलत नाही. पण वीस वर्षं माल घालतोय, वजनावरून काकांशी एकदाही भांडला नाही. आमच्याकडे कुणीच भांडत नाही…

डाव ठेवला. शेजारच्या पातेल्यात ठेवला, कढीच्या, पण ठेवला.

इकडेच येतायत… या, लगधीरभाई. बसा ना… हो, त्याच बेन आहेत फोनवर… गाडी उद्या येणार आहे, दहाला… अच्छा… बेन, ते म्हणतायत उद्यापर्यंत थांबायचं कशाला. पोरीला आत्ताच तुमच्याकडे आणतो म्हणतायत… आता, या घटकेला. गेलेसुद्धा, मोटरसायकल काढतायत… तुम्ही कुठे जाऊ नका. डॉक्टर आहेत ना? जेवायला गेले असतील तर बोलावून घ्या, किंवा इथे जेवायला पाठवा, पण नंतर…

उद्याची गाडी? येऊ द्या की. तीन तिथिभोजनं झालीत, डॉक्टर लागतीलच. सगळ्यांना पुन्हा तोलू, तुमच्या काट्यावर, आणि जिल्ह्याच्या साहेबांना मी स्वतः सांगेन काय झालं ते. पहिल्यापासून. ओल्या मालासकट.

हो, रिंकल बसली. पुढे टाकीवर. मागे काका… काकांना का नेतायत, मला काय विचारता? तुमचा काटा तपासणार असतील. तपासू द्या, वाद घालू नका…

आणि बेन, एकच. मोटरसायकलवर बसण्याआधी रिंकल खिडकीशी येऊन विचारून गेली, सुई टोचणार का. मी सांगितलं, आज नाही. बघा, जमलं तर खरं करा… बरं. ठेवतो, चौथीला उठवायचंय.