गादीवाल्याची गादी

(वॉर्डातली शेवटची कॉट. तो पालथा झोपलेला. त्याला शेजारी बसलेल्या बायकोचे फक्त पाय दिसतात.)

गादीवाला : ...मग मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, धंदा काय? म्हटलं, गाद्या बनवतो. सगळा वॉर्ड हसला. मीही हसलो.

बायको : हसण्यासारखं काय त्यात? बसून बसून मुठीएवढी जखम झालीय.

गादीवाला : तीस वर्षं लोकांच्या गाद्यांतल्या गाठी काढल्या, आणि स्वतःच्या बुडाखालची कळली नाही.

बायको : कमरेखालचं कळतंय कुठं तुम्हाला.

गादीवाला : माळ्यावरून पडलो तिथंही अक्कल बघ. खाली चाळीस गाद्या रचलेल्या, आणि मी पडलो नेमका फरशीवर.

बायको : दोन वर्षांत शंभरदा ऐकला हा विनोद.

गादीवाला : महागात पडलाय. वसूल नको करायला?

बायको : व्हीलचेअरची हवेची गादी विकायला एक माणूस घरी आला होता. काय म्हणालात त्याला?

गादीवाला : "गादीवाल्याला गादी विकतोस?" चहा पाजून परत पाठवला. आणि स्वतः कापसाची शिवली, चांगली चार बोटं उंच.

बायको : महिन्यात बसली ती.

गादीवाला : या जखमेच्या ऑपरेशनच्या पैशांत त्याच्या तीस गाद्या आल्या असत्या. मी काय म्हणतो, घरीच जाऊ. पट्टी तू बदलशील.

बायको : जखम हाडापर्यंत गेलीय. जंतू अंगभर पसरले तर जिवावर बेतेल म्हणाले डॉक्टर. सकाळीच पैसे भरलेत मी.

गादीवाला : कुठले?

बायको : कापूस पिंजायचं यंत्र विकलं.

गादीवाला : ...बरं केलंस. फार आवाज करायचं.

बायको : एक विचारू? रोज सकाळी मी हातात आरसा द्यायचे, मागची कातडी बघून घ्या म्हणून. रोज म्हणायचात, "बघितलं, ठीक आहे." खरंच बघायचात?

गादीवाला : सुरुवातीला बघितलं. एक दिवस लाल दिसलं. त्यानंतर आरशात नुसती दाढी बघायचो.

बायको : मला का नाही सांगितलं?

गादीवाला : मला उचलून उचलून तुझी कंबर गेलेली. म्हटलं, आणखी एक काम कशाला. ...आणि घाबरलो. दवाखान्यात नेशील म्हणून.

बायको : नेलंच ना शेवटी?

गादीवाला : नेलंस. तुझ्या पायाशी ती पिशवी कसली?

बायको : हवेची गादी. त्याच माणसाकडून आणली.

गादीवाला : हसला असेल.

बायको : नाही. चहा पाजला त्यानं.

गादीवाला : सरकव इकडे, हात घालून बघतो. ...हं. माझ्या गादीपेक्षा बरी आहे.

बायको : आणि आरसा?

गादीवाला : तूच बघत जा. मी ठीक आहे म्हटलं, तरी बघ.