नाताळची ड्युटी

वेंडल : …आणि पान सातवर, पिवळ्या खुणेपाशी, संभाव्य धोके. एकूण चौदा.

ड्वेन : पंधरा.

वेंडल : मी दोनदा मोजलेत.

ड्वेन : ड्रायव्हर धरलाय का त्यात?

वेंडल : ड्वेन, मी टोमणे ऐकायला आलेलो नाही. तुम्ही एकतीस हिवाळे मॅगपाय घाटातला बर्फ काढलात. मी ओमाहात चाळीस वर्षं लोकांच्या दातांतली कीड काढली. मला माझ्या मर्यादा ठाऊक आहेत, म्हणून तर तुमच्या दारात आलो.

ड्वेन : या की डॉक्टर, या. माझ्या बायकोचा नवरा माझ्याच अंगणात बत्तीस फुटांचं घर चाकांवर उभं करतो आणि मला फाईल वाचून दाखवतो. ह्या डिसेंबरात ह्याच्याइतकं बरं काही घडलेलं नाही. वाचा पुढे.

वेंडल : पूर्वीच्या बायकोचा.

ड्वेन : तेच ते. सहा वर्षं झाली नाही का तुमच्या नि डार्लीनच्या लग्नाला? वाचा.

वेंडल : ॲरिझोनापर्यंतचा प्रवास. दिवस पहिला. अंतर चारशे वीस मैल. घाट तीन. सायंकाळी पाच वाजता मुक्काम, सूप आणि विश्रांती.

ड्वेन : हे कुठल्या महिन्यासाठी लिहिलंय?

वेंडल : ह्याच महिन्यासाठी.

ड्वेन : मग पाच वाजता तुम्ही दुसऱ्या घाटाच्या पायथ्याशी मालट्रकांच्या रांगेत उभे असाल, काळोखात. सूप डार्लीनच्या मांडीवर असेल. दिवसाला एक घाट, डॉक्टर. एकच. उन्हं रस्त्यावर पडली की चढायचं आणि जेवायच्या वेळेला पलीकडे उतरलेलं असायचं. टाकी अर्धी झाली की भरायची. लिहिताय की नुसते मान हलवताय?

वेंडल : लिहितोय. दिवसाला एक घाट. पण मग सगळा तक्ता बदलावा लागेल.

ड्वेन : बदला. डोंगर काही तक्त्याप्रमाणे सरकत नाहीत. साखळ्या घेतल्यात चाकांच्या?

वेंडल : अर्थात. मागच्या कप्प्यात आहेत.

ड्वेन : उघडा बघू. हे काय, अजून खोकंही फोडलेलं नाही? नाताळची भेट द्यायची आहे का कुणाला?

वेंडल : नव्या आहेत. गरज पडेल तेव्हा उघडीन.

ड्वेन : गरज कधी पडते ठाऊक आहे? चढावर. वारा कानशिलात मारत असतो, बोटं लाकडाची झालेली असतात, आणि हातभर अंतरावरून ट्रक जात असतो. तिथं तुम्ही चष्मा पुसत सूचना वाचणार. कलम पहिलं, ग्राहकाचे आभार.

वेंडल : सूचना चित्ररूप आहेत.

ड्वेन : आणि डॉक्टर, ह्या छोट्या मोटारीच्या साखळ्या आहेत. तुमच्या गाडीला मागे जोडचाकं आहेत, एकेका बाजूला दोन दोन. ह्या फार तर डार्लीनच्या गळ्यात बसतील.

वेंडल : दुकानदार म्हणाला, सगळ्यांना चालतात.

ड्वेन : तो येणार आहे का बरोबर? बरं, हे सोडा. घाट उतरताना काय कराल?

वेंडल : ब्रेक दाबून ठेवीन. अगदी हलका. सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

ड्वेन : वा! म्हणजे तिसऱ्या वळणावर ब्रेकमधून धूर, आणि चौथं वळण तुम्ही नुसतं बघाल, घेणार नाही. खालचा गियर, डॉक्टर! माथ्यावरच टाकायचा, उतार लागण्याआधी. गाडीला इंजिनानं आवरू द्यायचं. ब्रेक अधूनमधून, दाबायचा आणि सोडायचा. चाळीस वर्षं ड्रिल कसं चालवलंत? एकदा दाबलं ते पेशंट घरी जाईपर्यंत?

वेंडल : तुलना समर्पक आहे. लिहून घेतो.

ड्वेन : पाण्याचे पाईप?

वेंडल : रिकामे करून त्यांत न गोठणारा गुलाबी द्रव भरला. माझ्या हातानं.

ड्वेन : शाबास. एक तरी काम जमलं.

वेंडल : दुसऱ्या दिवशी विसरून त्याचीच कॉफी केली. घाबरू नका, तो विषारी नसतो. मी बाटलीवरचं वाचलं. नंतर.

ड्वेन : डार्लीनला दिलीत?

वेंडल : तिनं एक घोट घेतला आणि म्हणाली, ड्वेनच्या कॉफीपेक्षा बरी आहे.

ड्वेन : ह्या मागे बांधलेल्या सायकली कशाला?

वेंडल : विषय बदललात. व्यायामासाठी.

ड्वेन : बारा हजार फुटांवर, जानेवारीच्या तोंडाशी, सायकल. काढा. आणि बर्फात अडकून पडलात तर आधी धुराची नळी मोकळी करायची, मगच इंजिन चालू. नळी गाडली गेली की धूर आत येतो आणि माणसं छान झोपतात. मी काढलीत अशी माणसं बाहेर. चेहरे शांत असतात. कुठल्या पानावर आहे हे?

वेंडल : नाहीये. ड्वेन, खरं सांगू का?

ड्वेन : सांगा. आज अजून एकदाही सांगितलेलं नाहीत.

वेंडल : मी सल्ला घ्यायला आलोच नाही. तुम्ही डार्लीनला एक फोन करा. म्हणा, यंदा नको जाऊ. बर्फाच्या बाबतीत ती जगात फक्त तुमचं ऐकते.

ड्वेन : अस्सं! म्हणजे ही फाईल, ह्या खुणा, हे चौदा धोके, सगळं नाटक. डॉक्टर घाबरले.

वेंडल : होय. घाबरलोय. मी नेब्रास्काचा माणूस. आमच्याकडे उंच काही असेल तर ते धान्याचं कोठार. गेले तीन आठवडे मी रात्री दात खातोय, आणि दात खाण्यावर मी व्याख्यानं दिलेली आहेत.

ड्वेन : मग तिला सरळ सांगा ना, मी भित्रा आहे. तिला सवय नाही भित्र्या नवऱ्याची, पण होईल. आणि ॲरिझोनाच्या उन्हात जायचं तर दक्षिणेकडून सपाट रस्ता आहे की! मॅगपायचा वळसा सुचला कुणाला? गाढवसुद्धा डिसेंबरात तिकडून जायला हो म्हणणार नाही.

वेंडल : ॲरिझोना माझं. तिला तिकडे जायचंच नाही. तिला मॅगपायला जायचंय. नाताळच्या दिवशी. माथ्यावरच्या तुमच्या त्या शेडमध्ये. तिथल्या लोकांसाठी तिनं आल्याच्या बिस्किटांचे तीन डबे केलेत.

(ड्वेन साखळ्यांचं खोकं खाली ठेवतो.)

ड्वेन : नको म्हणावं.

वेंडल : काय?

ड्वेन : हवा चांगली नाही यंदा. खालचा थर कच्चा आहे, वर नवा बर्फ. बर्फाचे कडे कोसळतील. वारा आहे. रद्द करा.

वेंडल : आत्ताच म्हणालात, दिवसाला एक घाट, उन्हं पडली की चढायचं.

ड्वेन : तिचं वय झालंय.

वेंडल : तुमच्याहून चार वर्षांनी लहान आहे.

ड्वेन : गुडघे दुखतात तिचे.

वेंडल : गाडी मी चालवणार. गुडघ्यांनी नाही. ड्वेन, चाळीस वर्षं मी लोकांच्या तोंडात बघितलंय. कुठे दुखतंय ते माणूस सांगत नाही. मी योग्य जागी टोचलं की खुर्चीत सरकतो. तुम्ही आत्ता सरकलात.

ड्वेन : बसा घरी तुमचं टोचणं घेऊन.

वेंडल : काय आहे त्या शेडमध्ये?

ड्वेन : काही नाही. बर्फ सारायचे नांगर लावलेले ट्रक, मिठाचा ढीग, स्टोव्ह. एक फळा.

वेंडल : कसला फळा?

ड्वेन : आमची एक पद्धत आहे. नाताळची ड्युटी जो आपणहून मागून घेतो, त्याचं नाव रंगानं लिहितात. वर्ष आणि नाव. पुसत नाहीत कधी.

वेंडल : आणि तुमचं नाव आहे त्यावर.

ड्वेन : आहे.

वेंडल : किती वेळा?

ड्वेन : बावीस.

वेंडल : बावीस नाताळ तुम्ही मागून घेतलेत? घरी बायको, टर्की, झाड, सगळं सोडून?

ड्वेन : झाड, तिची आई, तिचे दोन भाऊ. सकाळपासून सगळे एकदम बोलायचे, आणि कुणीतरी म्हणायचं, ड्वेन, तूही बोल ना काहीतरी. तुम्ही तिच्या भावांना भेटलायत ना?

वेंडल : भेटलोय. पुढे बोला. डार्लीनला काय सांगायचात?

ड्वेन : चिठ्ठ्या टाकतात म्हणून. दर वर्षी माझीच निघते.

वेंडल : बावीस वर्षं तुमचीच! आणि मघापासून तुम्ही मला मूर्ख ठरवताय. अहो, माझ्याकडची सहा वर्षांची मुलं यापेक्षा बरं खोटं बोलायची, तोंडात कापूस असताना.

ड्वेन : तिला पटायचं. कमनशिबी आहेस म्हणायची.

वेंडल : अकरा वर्षं पटलं. तिनंच सांगितलंय मला; तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. मग किराणा दुकानात तुमच्याबरोबरच्या बेनी आर्चुलेटाच्या बायकोनं तिचे हात धरले. म्हणाली, तुझा ड्वेन दर वर्षी ड्युटी मागून घेतो, म्हणून माझ्या बेनीला पोरांबरोबर नाताळ मिळतो. देव त्याचं भलं करो.

ड्वेन : अकरा वर्षं?

वेंडल : त्यानंतर आणखी अकरा वर्षं ती काही बोलली नाही.

ड्वेन : डबा द्यायची. टर्की भरून. ग्रेव्ही वेगळ्या थर्मासमध्ये.

वेंडल : ठाऊक असताना.

ड्वेन : गरम असायची वर पोचेपर्यंत. साली, गरम असायची.

वेंडल : आता कळलं, तुम्ही तिला फोन करून काही उपयोग नाही ते. तुमचं ‘नको’ तिला आणखी एक चिठ्ठी वाटेल.

ड्वेन : मग ठाऊकच आहे तर फळा कशाला बघायचाय तिला?

वेंडल : फळा नाही. मी विचारलं तिला. म्हणाली, बावीस नाताळ मला घरी ठेवून तो जिथं जाऊन बसला, ती जागा आहे तरी कशी ते बघायचंय. घर सोडून जावं अशी असली तर विषय संपला, पुन्हा काढणार नाही. नसली, म्हणजे नुसता माझ्यापासून पळत होता असं दिसलं, तर येताना त्याच्या दारात गाडी थांबव. मला बोलायचंय त्याच्याशी.

ड्वेन : बोलेल. तिला बोलता येतं.

वेंडल : तशी आहे का जागा?

ड्वेन : मला काय माहीत तिला कशी दिसेल ते! बर्फ रात्रभर पडून थांबलेला असतो. कोसळायला आलेले बर्फाचे कडे तोफेनं मुद्दाम पाडून झालेले असतात, तो आवाजही गेलेला. आणि तुम्ही नांगर खाली टाकून निघता. अख्ख्या डोंगरावर एकच रेघ असते, आपण ओढलेली. कुणी म्हणत नाही, ड्वेन, बोल ना काहीतरी. ऊन वरच्या सुळक्यावरून उतरत उतरत… जाऊ दे. तुला नाही कळायचं.

वेंडल : थोडं कळलं.

ड्वेन : काही कळलेलं नाही. चल, गराजमध्ये जोडचाकांच्या साखळ्या आहेत माझ्या. हातमोजे घाल. चार वेळा लावायच्या आणि चार वेळा काढायच्या, त्याशिवाय इथून गाडी हलणार नाही. तुझ्यासाठी नाही करत. तुझ्याशेजारी कोण बसलंय, म्हणून.

वेंडल : म्हणजे जायचं?

ड्वेन : चोवीसला दुपारी चढा, उजेड असताना. पलीकडे उतरू नका. शेडच्या मागे, वारा लागत नाही अशी सपाट जागा आहे, बेनीला मी सांगतो. रात्र तिथंच काढा. नळी मोकळी ठेव. हीटर चालू असला तरी एक खिडकी बोटभर उघडी.

वेंडल : आणि सकाळी? निवांत नाश्ता करून नऊला बाहेर पडू?

ड्वेन : नऊला? अरे, तू खरंच… वेंडल, ऐक. सात वाजता उठव तिला. कुरकुर करेल, करू दे. मोठा कोट घाल तिला आणि सव्वासातला दाराबाहेर उभी कर, तोंड त्या सुळक्याकडे. तू मागे थांब, बोलू नकोस. आठनंतर तो नुसता रस्ता असतो.